दाबून ठेवलेला तंतू

रुग्णालयातल्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, ओळखायची एक जुनी आणि अगदी स्वस्त परीक्षा आहे. छोट्या नळीत अर्धा मिलिलिटर मानवी सीरम घ्यायचं. प्लेटवर वाढलेल्या पांढऱ्या, मऊ वसाहतीला लूप जेमतेम टेकवायचा, त्याला चिकटेल तेवढंच सीरममध्ये मिसळायचं आणि नळी ३७ अंश सेल्सिअसच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून द्यायची. दोन-अडीच तासांनी एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. यीस्ट कॅन्डिडा अल्बिकन्स असेल तर गोल पेशींतून बारीक, सरळ नळ्या बाहेर आलेल्या दिसतात. नळी जिथून निघते तिथे ती कुठेही आवळलेली नसते. अहवालात ‘जर्म ट्यूब पॉझिटिव्ह’ लिहिलं की काम झालं.

मी वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ही परीक्षा शिकवताना तीन सूचना ठरलेल्या असतात: वसाहत थोडीच घ्या, तापमान ३७ वरून हलू देऊ नका आणि तीन तासांच्या पुढे नळी ठेवू नका. मुलं वहीत लिहून घेतात. पण असं का, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, आणि त्या ‘का’चं उत्तर गेल्या तीस वर्षांत इतकं सुंदर उलगडलं आहे की ते न सांगता पुढच्या धड्याकडे जाणं मला जमत नाही.

दोन तासांत त्या पेशीत नवीन काहीही शिरलेलं नसतं. डीएनए तोच, सहा हजारांच्या आसपास जनुकंही तीच. बदललेलं असतं ते एवढंच, की कोणती जनुकं बोलती आहेत आणि कोणती गप्प. तेवढ्यावर एक निरुपद्रवी गोल पेशी ऊतीत घुसणारा तंतू होते.

कॅन्डिडा अल्बिकन्स आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगावर कधी ना कधी राहून गेलेली असते. तोंडात, आतड्यात, योनिमार्गात ती जिवाणूंच्या गर्दीत मुकाट असते. प्रतिजैविकांनी ती गर्दी हटली, मधुमेहाने साखर वाढली, कर्करोगाच्या औषधांनी पांढऱ्या पेशी कमी झाल्या किंवा शिरेत कॅथेटर दिवसेंदिवस राहिला, की तिला वाव मिळतो. तान्ह्या बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर ही तिची सौम्य ओळख. अतिदक्षता विभागात रक्तात उतरली तर तीच मूत्रपिंड, डोळे, हृदयाच्या झडपा यांच्यापर्यंत पोचते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बुरशीजन्य रोगकारकांची प्राधान्ययादी काढली, तेव्हा सर्वात गंभीर गटात ठेवलेल्या चार बुरशींमध्ये हीसुद्धा आहे.

तिचे आकार तीन. पहिला यीस्टचा: अंडगोल पेशीला कळी फुटते, कळी मोठी होते आणि वेगळी होऊन निघून जाते. दुसरा आभासी तंतूचा: पेशी लांबट होतात, पण विभागल्यावर एकमेकींना सोडत नाहीत आणि सांध्यासांध्याला आवळलेल्या राहतात, माळेत मणी ओवल्यासारख्या. तिसरा खऱ्या तंतूचा: समांतर भिंतींची सलग नळी. वरवर पाहता हा फक्त लांबीचा फरक वाटतो, पण पेशीच्या आत सगळी मांडणीच बदललेली असते. यीस्टमध्ये आई-पेशी आणि कळी यांच्यामधल्या गळ्याशी प्रथिनांचं कडं असतं आणि विभाजन तिथेच होतं. तंतूत पहिलं विभाजन आई-पेशीपासून दूर, नळीच्या आत होतं. केंद्रक तेवढा प्रवास करून नळीत येतं आणि तिथे दुभंगतं. टोकाशी भिंतीचं सामान घेऊन येणाऱ्या बारीक पिशव्यांचा दाट पुंजका जमतो आणि वाढ अखंड त्या एकाच टोकाला होत राहते. यीस्टमध्ये असा पुंजका नसतो.

तर हे ठरवतं कोण? १९९७ साली दोन शोधनिबंध आले आणि दोन्ही बाजूंनी उत्तर मिळालं. अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये गेराल्ड फिंक यांच्या गटाने ईएफजी-१ आणि सीपीएच-१ ही दोन नियामक जनुकं एकाच वेळी काढून टाकली. अशी बुरशी सीरममध्येही तंतू काढेना आणि तिचं इंजेक्शन दिलेले उंदीर मेले नाहीत. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बुर्खार्ड ब्राउन आणि अलेक्झांडर जॉन्सन यांनी टीयूपी-१ हे जनुक काढलं. त्यांची बुरशी सीरम नसताना, साध्या माध्यमात, कसलाही इशारा न देता तंतूच होऊन बसली. तिला पुन्हा गोल होता येईना.

मला या दोघांतला दुसरा प्रयोग जास्त बोलका वाटतो. एक जनुक कमी केलं आणि तंतू आपोआप आला, याचा अर्थ तंतूची सगळी तयारी पेशीत आधीपासून होती आणि टीयूपी-१ ती दाबून धरत होतं. गोल राहण्यासाठी या यीस्टला सतत काम करावं लागतं. आपण प्लेटवर जी शांत पांढरी वसाहत पाहतो, तिच्या प्रत्येक पेशीत तो दाब क्षणोक्षणी चालू असतो.

हे शोध वाचायला सोपे वाटतात, पण या बुरशीवर काम करणं फार कष्टाचं होतं. तिच्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एक जनुक घालवायचं तर दोनदा घालवावं लागतं. बेकरीच्या यीस्टसारखं लैंगिक चक्र हाताशी नव्हतं. शिवाय जनुकीय लिपीतल्या एका त्रयीचा अर्थ ती इतर सजीवांपेक्षा वेगळा लावते: बाकीचे जिथे ल्युसीन जोडतात तिथे ती बहुतेक वेळा सेरीन जोडते. म्हणून दुसऱ्या सजीवाचं तयार जनुक तिच्यात घातलं की प्रथिन बिघडायचं. अशा परिस्थितीत लोकांनी एकेक जनुक काढून ही यंत्रणा समजून घेतली आहे.

टीयूपी-१ जनुकाचं प्रथिन स्वतः डीएनएला चिकटत नाही. त्याला जागा दाखवणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे एनआरजी-१ हे प्रथिन, हे २००१ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. तंतूसाठी लागणाऱ्या जनुकांच्या आधीच्या पट्ट्यावर एनआरजी-१ बसतं, टीयूपी-१ ला बोलावतं आणि दोघं मिळून ती जनुकं बंद ठेवतात. तंतू हवा असेल तर एनआरजी-१ तिथून उठलं पाहिजे.

आता आपल्या नळीतल्या सूचनांकडे पाहू.

तापमान ३७ का? पेशीत एचएसपी-९० नावाचं प्रथिन असतं. इतर प्रथिनांना नीट घडी घालून देणं हे त्याचं काम. थंड वातावरणात ते तंतूकडे नेणारा संदेशमार्ग आवरून धरतं. तापमान वाढलं की त्याच्यावर कामाचा ताण येतो आणि तो मार्ग सुटतो. टोरोंटोमधल्या लिआ काउएन यांच्या गटाने २००९ मध्ये हे मांडलं. एचएसपी-९० औषधाने निकामी केलं, तर कमी तापमानातही तंतू येतात.

सीरम का? सीरममध्ये नेमकं काय असतं ज्याने नळ्या फुटतात, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २००८ मध्ये सिंगापूरच्या युए वांग यांच्या गटाने दाखवलं की सीरममध्ये जिवाणूंच्या पेशीभित्तीचे सूक्ष्म तुकडे असतात आणि ते थेट सीवायआर-१ या विकराला जागं करतात. हे विकर पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू तयार करतं आणि तिथून साखळी सुरू होते. हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले. ज्या जिवाणूंच्या शेजारात ही बुरशी आयुष्य काढते, त्यांच्याच भिंतीचे तुकडे तिला आपण कुठे आहोत ते सांगतात. कार्बन डायऑक्साइडही याच विकराला चेतवतो, आणि शरीराच्या ऊतींमध्ये तो हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो.

आणि वसाहत थोडीच का घ्यायची? दाटीने वाढणाऱ्या पेशी फार्नेसॉल नावाचा पदार्थ भोवती सोडतात. पेशी फार असतील तर तो साचतो आणि तंतू निघत नाहीत. नेब्रास्का विद्यापीठातून २००१ मध्ये हा शोध आला. खऱ्या केंद्रकाच्या सजीवांमध्ये अशी गर्दी मोजणारी यंत्रणा असते, हे तोवर ठाऊक नव्हतं. पुढे कॅलिफोर्नियातल्या हाओपिंग लिऊ यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं, की फार्नेसॉल असताना एनआरजी-१ प्रथिनाचं विघटनच होत नाही. म्हणजे लूपने जास्तीची वसाहत उचलणारा विद्यार्थी नकळत त्या पेशींना ‘इथे गर्दी आहे, थांबा’ असा निरोप पोचवत असतो.

तीन तासांची मर्यादा मात्र दुसऱ्याच कारणाने असते. जास्त वेळ ठेवलं तर कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिससारख्या भगिनी प्रजाती आभासी तंतू काढू लागतात आणि घाईच्या नजरेला ते जर्म ट्यूबसारखेच दिसतात.

एनआरजी-१ उठलं म्हणजे काम संपलं असं नाही, कारण ते परत येऊ शकतं. लिऊ यांच्याच गटाने २०११-१२ मध्ये हे दोन टप्पे वेगळे करून दाखवले. पहिल्या टप्प्यात उष्णता आणि सायक्लिक एएमपीच्या संदेशाने एनआरजी-१ जातं, पण ही रिकामी जागा थोडाच वेळ मिळते. त्या अवधीत पोषण कमी झाल्याचा संदेश आला तर बीआरजी-१ हे दुसरं प्रथिन त्याच पट्ट्यांवर बसतं आणि एचडीए-१ या विकराला तिथे आणतं. एचडीए-१ डीएनएभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांची रचना अशी बदलतं की एनआरजी-१ ला पुन्हा चिकटता येत नाही. तो संदेश वेळेत आला नाही तर एनआरजी-१ परत येतं आणि पेशी पुन्हा गोल कळ्या काढू लागते. पुढची वाढ टिकवायचं काम यूएमई-६ हे आणखी एक नियामक करतं. सॅन अँटोनिओच्या डेव्हिड कडोश यांच्या गटाने याचं प्रमाण हाताने कमी-जास्त करून पाहिलं. यूएमई-६ कमी असेल तर आभासी तंतू आणि जास्त असेल तर खरे तंतू आले. तीन आकारांसाठी तीन वेगळे कार्यक्रम असावेत असं वाटत होतं. प्रत्यक्षात एकाच नियामकाच्या कमी-अधिक मात्रेने आकार बदलतो.

यूएमई-६ ने जागी केलेल्या जनुकांत एचजीसी-१ आहे. ते जातकुळीने सायक्लिन, म्हणजे पेशीचक्र पुढे ढकलणाऱ्या कुटुंबातलं. पण याने चक्राचं काम सोडून आकाराचं काम धरलं आहे. सोबतच्या विकराला घेऊन ते टोकाची वाढ चालू ठेवतं आणि विभागलेल्या पेशींना एकमेकींपासून सुटू देत नाही. तेच काढून टाकलं तर तंतूची बाकी जनुकं चालू होतात, पण तंतू होत नाही.

तंतूबरोबर आणखी बरंच काही येतं. एचडब्ल्यूपी-१ हे भिंतीवरचं प्रथिन आपल्या तोंडातल्या पेशींना रासायनिक बंधाने जोडून घेतं. एएलएस-३ चिकटायलाही मदत करतं आणि पेशीत शिरायलाही. आणि ईसीई-१. या जनुकाची गोष्ट मला सर्वात आवडते. १९९३ मध्ये ते सापडलं, कारण पेशी जितकी लांबट तितकं ते जास्त व्यक्त व्हायचं. काढून पाहिलं तर आकारात काहीच फरक पडला नाही. मग त्याच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. २०१६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले जुलियन नॅग्लिक, जर्मनीतल्या येनाचे बर्नहार्ड हुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ईसीई-१ प्रथिनाचे आठ तुकडे होतात आणि त्यातला तिसरा, ३१ अमिनो आम्लांचा, आपल्या पेशींच्या पडद्याला भोकं पाडतो. त्याला कॅन्डिडालायसीन नाव दिलं. माणसाला रोगी करणाऱ्या बुरशीतलं पेशी फोडणारं हे पहिलं पेप्टाइड-विष. ते सगळा काळ समोर होतं. आकाराशी संबंध नाही म्हणून कुणी त्याला विषाबद्दल विचारलं नव्हतं.

ओपीडीत ‘अंगावरून पांढरं जातं’ हे बायका अजूनही आवाज उतरवून सांगतात. त्यातलं सगळंच कॅन्डिडामुळे नसतं. पण दर चार स्त्रियांपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी योनिमार्गाचा कॅन्डिडा होतो असं मानलं जातं, आणि कित्येकींना तो पुन्हापुन्हा होतो. त्या आगीत आणि खाजेत बुरशीइतकाच आपल्या प्रतिकारशक्तीचा वाटा असतो. तंतू कॅन्डिडालायसीन सोडतात, त्याने दुखावलेल्या पेशी हाका मारतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि सूज वाढते. ‘स्वच्छता पाळत नाहीस’ असा ठपका या बायकांनी घरच्यांकडूनही ऐकलेला असतो. जनुकांची ही हकिगत त्यांच्यापर्यंत साध्या मराठीत पोचली तर तो ठपका थोडा तरी हलका होईल असं मला मनापासून वाटतं.

आता ज्या प्रयोगाने माझं या विषयावरचं मत घडलं तो सांगते. तंतू न काढणारी बुरशी उंदराला मारत नाही, हे १९९७ पासून माहीत होतं. पण त्यावर एक रास्त शंका होती. ईएफजी-१ सारखं जनुक तंतूखेरीज इतर अनेक कामांत असतं. ते काढल्यावर बुरशी दुबळी झाली की फक्त तंतू गेले म्हणून निरुपद्रवी झाली, हे कसं कळणार? सॅन अँटोनिओमध्ये होसे लोपेझ-रिबॉट यांच्या गटाने २००३ मध्ये यावर तोडगा काढला. त्यांनी जनुक काढलं नाही. एनआरजी-१ च्या एका प्रतीवर असा नियंत्रक बसवला की डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं तर ते बंद राहावं आणि न दिलं तर चालू. मग हीच बुरशी उंदरांच्या शिरेत सोडली. काही उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात डॉक्सिसायक्लिन होतं, काहींच्या नव्हतं. डॉक्सिसायक्लिनवाल्यांमध्ये एनआरजी-१ बंद, म्हणून तंतू आले आणि उंदीर मेले. दुसऱ्या गटात एनआरजी-१ चालू, म्हणून बुरशी गोल राहिली आणि उंदीर जगले.

हे इथवर अपेक्षितच होतं. पण जगलेल्या उंदरांचे अवयव तपासले तेव्हा त्यांत बुरशी भरपूर होती. गोल पेशी रक्तातून बाहेर पडल्या होत्या, अवयवांत पोचल्या होत्या, तिथे टिकल्या होत्या. आणि उंदीर जिवंत होते. अशा उंदरांना नंतर डॉक्सिसायक्लिन दिलं की एनआरजी-१ बंद पडलं, तंतू निघाले आणि आजार जीवघेणा झाला. २००६ मध्ये त्यांनी उलट बाजूही तपासली: संसर्ग सुरू झाल्यावर डॉक्सिसायक्लिन थांबवून तंतू दाबले, तर मृत्यू कमी होतात. बुरशीचं प्रमाण किती यापेक्षा ती कोणत्या आकारात आहे यावर त्या उंदरांचं मरण-जगणं ठरत होतं. आम्ही अहवालात वसाहती मोजतो. या प्रयोगानंतर तो आकडा मला नेहमी अपुरा वाटत आला आहे.

अर्थात तंतू म्हणजे रोग आणि गोल म्हणजे निरोगी असं सरळ समीकरण मांडता येणार नाही. टीयूपी-१ नसलेली, कायम तंतूच असलेली बुरशीही उंदरांना फारसा आजार देत नाही. सुझान नोबल यांनी २०१० मध्ये शेकडो जनुकं एकेक करून काढलेल्या बुरशींचा संग्रह उंदरांत तपासला. ज्यांची संसर्गक्षमता घटली अशा ११५ पैकी जवळपास निम्म्यांचा आकार बदलणं आणि वाढणं दोन्ही ठीकच होतं. नंतर त्यांच्याच गटाने दाखवलं की यूएमई-६ नसलेली बुरशी उंदराच्या आतड्यात मूळ बुरशीपेक्षा चांगली नांदते. तंतूचा कार्यक्रम तिला आतड्यात महाग पडतो. आणि २०२१ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं की आतड्यात आपण स्रवतो ते आयजीए प्रतिपिंड नेमके तंतूवरच्या प्रथिनांना धरतात आणि गोल पेशींना बहुतांशी सोडून देतात. आतून एनआरजी-१ तंतू दाबतं, बाहेरून आपलं शरीरही त्याच बाजूने जोर लावतं.

बुरशीनुसार ही दिशा बदलते हेही सांगायला हवं. वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी तंतूच्या रूपात असते आणि फुप्फुसात, ३७ अंशांना, यीस्ट होते. तिथे आरवायपी-१ हे प्रथिन यीस्टचं रूप टिकवतं. त्याचंच नातलग डब्ल्यूओआर-१ कॅन्डिडात वेगळ्याच एका बदलाचं मुख्य नियामक आहे. जुनी प्रथिनं आणि त्यांना मिळालेली नवी कामं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खोलवर पसरलेल्या बुरशीवर आपल्याकडे औषधांचे मोजके वर्ग आहेत: अझोल, पॉलिईन, एकायनोकॅन्डिन आणि जोडीला फ्लुसायटोसीन. बुरशीच्या पेशी आपल्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की एकीला मारून दुसरीला वाचवणं अवघड जातं. म्हणून तंतू रोखणारे रेणू शोधावेत, वाढ चालू राहिली तरी चालेल, असा विचार अनेक ठिकाणी चालू आहे. वाढ थांबत नसल्याने प्रतिकारक्षम पेशींना निवडून काढणारा दबावही कमी राहील अशी आशा आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात सुगंधी वनस्पतींमधले टर्पिनॉइड रेणू कॅन्डिडाचा आकारबदल, चिकटणं आणि जैवपटल (पृष्ठभागावर जमणारा पेशींचा चिकट थर) कसे रोखतात यावर बरंच काम झालं आहे. महानगरांतल्या मोठ्या संस्थांपासून दूर, साध्या साधनांनी हे काम उभं राहिलं, याचं मला मोल वाटतं.

अशा औषधाला आमच्या नेहमीच्या संवेदनशीलता चाचणीत मात्र जागा नाही. आम्ही औषध घातलेल्या खळग्यातला गढूळपणा बघतो. गढूळ म्हणजे वाढ झाली, म्हणजे औषध चाललं नाही. तंतू रोखणारं औषध उत्तम चाललं तरी खळगा गढूळच राहणार. चाचणीची पद्धतच नव्याने बांधावी लागेल.

दुसरी अडचण आपल्या देशाची आहे. ही सगळी तपशीलवार माहिती अल्बिकन्सची, कारण पाश्चात्त्य रुग्णालयांत ती पुढे होती. भारतातल्या अतिदक्षता विभागांच्या बहुकेंद्री अभ्यासात रक्तात सर्वात जास्त सापडली ती ट्रॉपिकॅलिस, आणि नवजात बाळांच्या विभागांतही तिचा त्रास मोठा आहे. तीही तंतू काढते. तिच्यात एनआरजी-१ चं नातलग हेच काम करतं का, आमच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या ट्रॉपिकॅलिस कोणत्या इशाऱ्याने आकार बदलतात, फार्नेसॉलने त्या किती थांबतात, हे प्रश्न आपल्या प्रयोगशाळांनीच हातात घेतले पाहिजेत. नमुने आपल्याकडे रोज येतात, आणि ओळख पटली की आपण ते ऑटोक्लेव्हमध्ये घालतो. त्यांतले काही जपून ठेवले आणि एकेका विद्यार्थ्याला एकेक प्रश्न दिला, तरी सुरुवात होईल.